दोन टक्क्यांचे दान आणि वेचकांचा मोबदला

नफ्यासाठी चालणारी कंपनी आणि वस्तीपातळीवर उभी राहिलेली लोकांची संघटना यांच्या भागीदारीविषयी जे लिहिले जाते, त्यातील बराचसा मजकूर धनादेशाच्या छायाचित्राभोवती घोटाळत राहतो. कंपनीने किती रक्कम दिली, संस्थेने किती गावांत काम केले आणि कार्यक्रमाला कोण पाहुणे होते एवढे त्यातून समजते, पण संघटनेकडून कंपनीला काय मिळाले आणि ते नाकारण्याची ताकद संघटनेकडे होती का, हे समजत नाही. खरे तर भागीदारीची प्रत याच दोन प्रश्नांवर ठरते. भारतात या संबंधांना आकार देणारे दोन कायदे गेल्या दीड दशकात पुढे आले असून त्यांपैकी एक कंपनीला समाजासाठी खर्च करायला लावतो, तर दुसरा तिने स्वतः निर्माण केलेल्या कचऱ्याची जबाबदारी तिच्यावर टाकतो. या दोहोंतला फरक पुण्यातील कचरावेचकांच्या संघटनेच्या वाटचालीत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच इतरत्र दिसत असेल.

पहिला कायदा म्हणजे कंपनी कायदा, २०१३, आणि त्यातील कलम १३५. जी कंपनी निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठते, त्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, असे हे कलम सांगते. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. व्यवहारात सर्वजण ज्याला ‘सीएसआर’ म्हणतात ते कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व हेच होय. सुरुवातीची काही वर्षे खर्च न करणाऱ्या कंपनीने केवळ कारण नोंदवले तरी भागत असे. २०२१ च्या सुधारणांनंतर मात्र न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा सरकारने नेमलेल्या निधीत जमा करणे बंधनकारक झाले. अलीकडच्या वर्षांत या मार्गाने होणारा देशभरातील खर्च दरवर्षी २५,००० कोटी रुपयांच्या पुढे राहिला आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा इतर कोणत्याही राज्यापेक्षा मोठा आहे, कारण मोठ्या कंपन्यांची मुख्यालये आणि कारखाने येथे आहेत आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे अशी कायद्याचीच सूचना आहे.

एवढा पैसा तळागाळातील संघटनांपर्यंत पोचत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु नियमांची रचना पाहिली म्हणजे त्यांच्या वाट्याला इतके थोडे का येते याचा उलगडा होतो. कंपनीला हे काम स्वतः करता येते किंवा दुसऱ्या संस्थेमार्फत करवून घेता येते. अशी संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी, नोंदणीकृत सार्वजनिक न्यास किंवा नोंदणीकृत सोसायटी असावी लागते, आयकर कायद्यातील ‘१२ए’ आणि ‘८०जी’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या धर्मादाय नोंदण्या किंवा तत्सम करमाफी तिच्यापाशी असावी लागते आणि कंपनीने स्वतः स्थापन केलेली संस्था वगळता इतरांना किमान तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास दाखवावा लागतो. या यादीत सहकारी संस्था नाही आणि कामगार संघटनाही नाही. म्हणजे गरिबांसाठी काम करणारा न्यास हा निधी घेऊ शकतो. गरिबांनी स्वतःच्या मालकीची, सभासदांनी निवडलेल्या संचालकांची संस्था काढली असेल तर तिला तो थेट मिळत नाही, त्यासाठी मध्ये एखादा न्यास उभा करावा लागतो. महाराष्ट्रासारख्या सहकाराच्या भूमीत या तरतुदीची फारशी चर्चा झाली नाही, हे नवलाचेच म्हणावे लागेल.

त्याच सुमारास दुसरी वाट अरुंद झाली. परकीय देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन एका संस्थेने मिळालेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. शहरातील मोठी संस्था परदेशातून निधी मिळवून तो तालुक्यातील पाच-सहा छोट्या संघटनांना वाटत असे, ती पद्धत त्यामुळे संपली. साहजिकच छोट्या संस्थांचे कंपन्यांवरील अवलंबित्व वाढले आणि मागणाऱ्याची गरज वाढली की देणाऱ्याच्या अटीही वाढतात. एक-दोन वर्षांच्या प्रकल्पासाठी पैसे मिळतात, पण संघटनेच्या कचेरीचे भाडे, हिशेबनिसाचा पगार, कार्यकर्त्यांचा प्रवास या गोष्टींवर कात्री चालते. नियमांत प्रशासकीय खर्चावर जी ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापनखर्चाला लागू आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये केला. तरीही वाटाघाटीच्या टेबलावर ही मर्यादा संस्थांच्या अंगावर टाकली जाण्याचा प्रकार थांबलेला नाही.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीकडे पाहायला हवे. शहरातील कचराकुंड्यांतून कागद, काच, पत्रा आणि प्लास्टिक वेचून भंगारवाल्याला विकणाऱ्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या आणि त्यांतील कित्येकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पुण्यात आली होती. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी १९९० च्या सुमारास या वस्त्यांत काम सुरू केले, तेव्हा कुंडीत उकिरडा उपसण्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला सुका कचरा या स्त्रियांना मिळाला तर त्यांची कमाई आणि आरोग्य दोन्ही सुधारेल, असा विचार पुढे आला आणि काही सोसायट्यांत तसा प्रयोगही झाला. प्रयोग रुजतो न रुजतो तोच एका खासगी उद्योजकाने त्याच भागात मोटारगाडीने कचरा गोळा करण्याची सेवा देऊ केली. स्त्रियांच्या लक्षात आले की ज्या मालावर आपली चूल चालते तो माल आता दुसऱ्याच्या हाती जाणार आहे. त्यांनी विरोध केला आणि या घटनेतून १९९३ मध्ये, हमाल पंचायतीचे संस्थापक डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली भरलेल्या वेचकांच्या परिषदेत, ही कामगार संघटना जन्मली. संघटनेचा जन्मच खासगी व्यवसायाशी झालेल्या संघर्षातून झाला, ही गोष्ट पुढील सर्व भागीदाऱ्या समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

संघटनेने पहिली कित्येक वर्षे कोणत्याही कंपनीशी करार केला नाही. तिने आधी स्वतःचे बळ उभे केले. सभासदांना ओळखपत्रे दिली आणि त्यांना महापालिकेची मान्यता मिळवली, पतसंस्था काढली, स्वतःची भंगार दुकाने चालवली, महापालिकेकडून वैद्यकीय विमा मिळवला. वेचकांच्या श्रमामुळे महापालिकेचा कचरा वाहून नेण्याचा किती खर्च वाचतो याचा हिशेबही तिने मांडला, आणि महापालिकेच्या दारात ती मदतीची याचना करीत न जाता थकलेल्या मोबदल्याची मागणी करीत गेली. या मागणीचे फलित म्हणजे २००८ मध्ये महापालिकेशी करार करून कामाला लागलेली ‘स्वच्छ’ ही वेचकांच्या मालकीची सहकारी संस्था. तिचे साडेतीन हजारांच्या आसपास सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात, घरटी मासिक शुल्क थेट नागरिकांकडून त्यांना मिळते, देखरेख व समन्वयाच्या खर्चाचा भार महापालिका उचलते आणि सुक्या कचऱ्यातील विकण्याजोगा माल वेचकाच्या मालकीचा राहतो. ही शेवटची अट दिसायला किरकोळ आहे, पण साऱ्या व्यवस्थेचा कणा तीच आहे. ठेकेदार आला की सर्वांत आधी जाते ती हीच मालकी. करार संपत आला की खासगी ठेकेदार नेमण्याची चर्चा डोके वर काढते आणि २०२० च्या अखेरीस तशी वेळ आली तेव्हा वेचक रस्त्यावर उतरले, शिवाय अनेक नागरिकही त्यांच्या बाजूने बोलले.

कंपन्या या चित्रात आल्या त्या वेगवेगळ्या दारांनी. कात्रज प्रभागात २०१० नंतर राबवलेल्या शून्य कचरा प्रकल्पात महापालिका आणि ‘स्वच्छ’ यांच्या जोडीला मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकारातून उभी राहिलेली ‘जनवाणी’ ही संस्था आणि कमिन्स इंडिया ही कंपनी होती. कंपनीकडे पैसा होताच, पण तिचे अधिक मोलाचे योगदान कामाच्या पद्धतीचे होते: प्रभागाचे घरोघर सर्वेक्षण, कोणत्या गल्लीतून किती कचरा मिश्र स्वरूपात येतो याच्या नोंदी, कर्मचाऱ्यांनी स्वयंसेवक म्हणून केलेले प्रबोधन. कारखान्यात उत्पादनातील दोष हुडकण्याची जी शिस्त असते ती कचऱ्याच्या मार्गांना लावली गेली. वेचकांकडे गल्लीबोळांचे आणि घराघरांतील सवयींचे ज्ञान होते, जे कोणत्याही सर्वेक्षणात येत नाही. दोन्ही बाजूंकडे एकमेकांना हवे असलेले काहीतरी होते, म्हणून हा प्रयोग इतर शहरांनाही दाखवण्याजोगा ठरला. अर्थात प्रकल्पाचे मनुष्यबळ आणि लक्ष दुसरीकडे वळले की वर्गीकरणाचे प्रमाण टिकवणे अवघड जाते, हा अशा सगळ्याच प्रभाग-प्रयोगांचा अनुभव आहे.

वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनचा प्रश्न याहून खडा होता, आणि येथे भागीदारीची सुरुवात भांडणाने झाली. उघड्यावर किंवा साध्या पिशवीत टाकलेले नॅपकिन हाताने वेगळे करणे वेचक स्त्रियांना अपमानास्पद आणि धोक्याचे वाटत होते. उत्पादक कंपन्यांना पत्रे लिहूनही दाद लागेना, तेव्हा २०१३ मध्ये महिला दिनाच्या निमित्ताने त्यांनी वापरलेले नॅपकिन पिशव्यांत भरून उत्पादकांनाच परत पाठवण्याचे आंदोलन केले. ‘स्वच्छ’च्या सभासद जुन्या वर्तमानपत्रांपासून नॅपकिन गुंडाळण्याच्या पिशव्याही बनवून विकत असत, त्यामुळे संघटना तक्रारीबरोबर उपायही पुढे करीत होती. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत, नॅपकिन आणि डायपर बनवणाऱ्या कंपन्यांनी विल्हेवाटीसाठी प्रत्येक पाकिटासोबत वेष्टन द्यावे, अशी तरतूद आली. सभासदांच्या हिताला बाध येत असेल तर ज्या कंपनीकडून निधी येतो तिच्याही दारात पिशवी ठेवण्याची तयारी संघटनेत हवी; ती नसलेल्या संस्थेला भागीदार म्हणण्यापेक्षा कंत्राटदार म्हणणे अधिक योग्य.

दुसरा कायदा येथे प्रवेश करतो. विस्तारित उत्पादक जबाबदारी, म्हणजेच ‘ईपीआर’, या तत्त्वाचा अर्थ असा की वस्तू विकून झाली तरी तिच्या वेष्टनाची जबाबदारी उत्पादकाकडेच राहते. प्लास्टिक कचऱ्याच्या २०११ च्या नियमांत या तत्त्वाची चाहूल होती, २०१६ च्या नियमांत ते ठळक झाले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली, ज्यांनुसार उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांचे उद्दिष्ट २०२१-२२ मध्ये २५ टक्के, पुढच्या वर्षी ७० टक्के आणि २०२३-२४ पासून १०० टक्के ठरले. सीएसआरच्या नियमांनी स्पष्टच म्हटले आहे की अन्य कायद्याने घातलेले बंधन पार पाडण्यासाठी केलेला खर्च सामाजिक खर्चात धरता येणार नाही. त्यामुळे वेफर्सचे रिकामे पाकीट उचलण्याचे पैसे कंपनी देते तेव्हा ती दान करीत नसते, स्वतःचे कायदेशीर कर्तव्य कोणाकडून तरी करवून घेत असते. वेचकाच्या बाजूने पाहता हा फरक जमीन-अस्मानाचा आहे, कारण दानाचा दर देणारा ठरवतो आणि सेवेच्या दरावर घासाघीस करता येते.

वेफर्सच्या पाकिटाचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. हे पाकीट बहुस्तरीय प्लास्टिकचे असते. पॉलिथिन, पॉलिएस्टर आणि ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की आतला पदार्थ महिनोन्महिने कुरकुरीत राहतो आणि नेमक्या त्याच कारणाने ते थर वेगळे करून पुन्हा वापरता येत नाहीत. पाण्याच्या बाटलीला भंगारवाला भाव देतो, या पाकिटाला कोणीच देत नाही, शिवाय ते इतके हलके की किलोभर जमवायला दिवस मोडतो. मग वेचकाने ते उचलायचे कशासाठी? पुण्यात आयटीसी कंपनी, ‘स्वच्छ’ आणि महापालिका यांनी बहुस्तरीय प्लास्टिक वेगळे गोळा करण्याचा जो प्रकल्प हाती घेतला, त्याचे मर्म याच ठिकाणी आहे. बाजार ज्या वस्तूला किंमत देत नाही ती उचलण्यासाठी उत्पादकाने वेचकाला मोबदला द्यायचा, म्हणजे आजवर नाल्यात किंवा कचरा डेपोवर जाणारे पाकीट वेगळे निघते. कंपनीला हे काम वेचकांवाचून करताच आले नसते, कारण शहराच्या लाखो घरांत रोज सकाळी पोचणारी दुसरी यंत्रणा तिच्याकडे नाही.

तरीही २०२२ ची व्यवस्था वेचकांच्या हातावरून पुढे निघून गेली आहे. या व्यवस्थेत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर कंपनीला प्रमाणपत्रे दाखवावी लागतात आणि ती तयार होतात प्लास्टिकवर प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याकडे. गोळा करणाऱ्या आणि वर्गीकरण करणाऱ्या हातांना प्रमाणपत्र काढण्याचा अधिकार नाही. कंपनी कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घेते, कारखाना घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेतो, व्यापारी भंगारवाल्याकडून आणि भंगारवाला वेचकाकडून. या साखळीत वरच्या टोकाला घातलेला पैसा खालच्या टोकापर्यंत किती झिरपतो याची नोंद कोठेही होत नाही. शिवाय कागदावरची प्रक्रिया प्रत्यक्षात झाली का, हे तपासणे अवघड. प्रदूषण मंडळाच्या २०२३ मधील तपासणीत काही कारखान्यांनी काढलेली लाखो बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली. ज्या संघटनेकडे प्रत्येक सभासदाच्या पोत्याचे वजन नोंदलेले असते तिला या व्यवस्थेत स्थानच नसावे, याला केवळ दुर्लक्ष म्हणून सोडून देता येणार नाही.

भागीदारीत जोखीम कोणाच्या डोक्यावर येते हे पाहण्यासाठी पुण्याबाहेरची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. हिंदुस्थान लिव्हरने २००० च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील नलगोंडा जिल्ह्यात ‘शक्ती’ प्रकल्प सुरू करून बचतगटांतील स्त्रियांना साबण-शाम्पूच्या गावोगावच्या विक्रेत्या बनवले. पुढे या स्त्रियांची संख्या लाखाच्या वर गेली आणि जिथे वितरकाची गाडी जात नव्हती तिथे कंपनीचा माल पोचला. पण गटांची बांधणी आधीच सरकारी योजनांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी वर्षानुवर्षे खपून केलेली होती, तिची किंमत कंपनीच्या ताळेबंदात नव्हती. आणि पहिला माल उचलण्याचे भांडवल बहुधा गटाच्या कर्जातून येत असल्याने न खपलेल्या मालाचा घोर त्या बाईला होता. बांगलादेशात ‘ग्रामीण’ नावाचा संस्थासमूह आणि फ्रान्सची दानोन कंपनी यांनी २००६ मध्ये बोगुरा येथे स्वस्त, पौष्टिक दह्याचा संयुक्त उद्योग काढला. २००८ मध्ये दुधाचे भाव कडाडल्यावर दह्याची किंमत वाढवली, तशी गावात दारोदार दही विकणाऱ्या स्त्रियांची विक्री कोसळली. शेवटी वाटी ८० ग्रॅमवरून ६० ग्रॅमची करून किंमत उतरवावी लागली आणि शहरांतील विक्रीचा आधार घ्यावा लागला. हेतू दोन्हीकडे चांगला होता, यात शंका नाही. मात्र भाव कोसळला की सर्वांत खालच्या पायरीवरच्या व्यक्तीला पहिला धक्का बसू नये अशी तजवीज केवळ सद्हेतूने होत नाही, तिच्यासाठी करारात कलम असावे लागते.

अशा कलमाचा नमुना शोधण्यासाठी महाराष्ट्राला दूर जाण्याचे कारण नाही. ज्या हमालांचा एक निश्चित मालक नसतो, आज या व्यापाऱ्याचे पोते तर उद्या त्या व्यापाऱ्याचे, त्यांच्यासाठी राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. या कायद्यानुसार व्यापारी आणि हमाल दोघेही त्रिपक्षीय मंडळाकडे नोंदले जातात. व्यापारी मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे अधिभार, मंडळाकडे भरतो आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि रजेचा पगार हमालाला मिळतो. माथाडी मंडळांचा कारभार निर्दोष नाही. नोंदणी चुकवणारे व्यापारी आहेत आणि माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्यांच्या तक्रारीही आहेत. पण अनेक मालकांचे काम करणाऱ्या श्रमिकाची सुरक्षा त्या साऱ्या मालकांनी मिळून उचलायची, हे तत्त्व तिथे पन्नासहून अधिक वर्षे चालत आले आहे. वेचकाचे नेमके तेच आहे: तिच्या पोत्यात रोज शेकडो कंपन्यांची वेष्टने असतात आणि त्यांतील एकही कंपनी तिची मालक नाही.

प्लास्टिकच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर लेव्ही आकारून ती वेचकांच्या मंडळाकडे जमा करणे आणि संघटनांच्या वजननोंदींना प्रमाणपत्राच्या साखळीत कायदेशीर स्थान देणे, या दोन गोष्टींसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही आणि कंपन्यांच्या दातृत्वावरही विसंबावे लागत नाही. सहकारी संस्थांना सीएसआरच्या यादीत घेण्याचा निर्णय तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एका अधिसूचनेने होऊ शकतो. प्लास्टिकच्या उद्दिष्टांना १०० टक्क्यांचा आकडा लागू होऊन गेला आहे. वेचकाच्या मोबदल्याला मात्र त्या मार्गदर्शक तत्त्वांत अद्याप किमान दर नाही.